दगडाची पाती पाडणाऱ्या काकी

कट्टा गावातल्या त्या घरातली माझी पहिलीच सकाळ. दात घासत पडवीत आले, तर खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, एक बाई माझं हेल्मेट घालून दगड फोडत बसलेली. माझं! रात्री स्कूटरला अडकवून ठेवलेलं. अंगात फुलाफुलांचा गाऊन, मांडीवर चामड्याचा तुकडा, त्यावर एक पांढरा दगड आणि डोक्यावर माझं लाल हेल्मेट, काच पुरती खाली ओढून. मी तोंडातल्या फेसासकट तशीच उभी. टक्, टक् झालं आणि मग काच तडकावी तसा एक बारीक आवाज. बाईंनी मांडीवर पडलेला टवका चिमटीत धरून उन्हाकडे केला आणि अख्ख्या वाडीला ऐकू जाईल अशी आरोळी ठोकली, "टिकीट फाटलां!"

मग मला पाहिलं आणि हेल्मेटची काच वर केली. "बाय गो, तुझां टोपरां घेतलंय हां. डोळ्यात कपची गेली तर ह्या वयात कोण निस्तरतलो? चाय आत ठेवलंय, घे ओतून."

या माझ्या घरमालकीण. सगळं गाव त्यांना काकी म्हणायचं, मीही काकीच म्हणू लागले. मी गुरांची डॉक्टर, मूळची घाटावरची, नोकरीपायी या मुलखात येऊन पडलेली. खोली बघायला गेले तेव्हा काकींनी लग्न झालंय का, जेवणखाण काय, काही म्हणजे काही विचारलं नव्हतं. एकच प्रश्न: "तुमच्या थंय शेतात गारगोटये गावतत?" मी म्हटलं, ढिगाने. लगेच किल्ली माझ्या हातात! तेव्हा मला वाटलं, असेल काहीतरी इकडची रीत.

काकी एसटीत कंडक्टर होत्या. जन्मभर चढउतार करून गुडघे गेले आणि निवृत्त होऊन घरी बसल्या. मुंबईच्या मुलाने वेळ जावा म्हणून मोबाइल पाठवला. त्यावर भजनं ऐकता ऐकता एक दिवस बोट कुठेतरी भलतीकडेच पडलं आणि समोर एक दाढीवाला गोरा आला. त्याच्या एका हातात दगड, दुसऱ्या हातात शिंग. दगडाने दगड फोडत, शिंगाने दाबून टवके काढत त्याने बाणाचं टोक बनवलं. ही गोष्ट काकींनी मला किती वेळा सांगितली असेल! दर वेळी सांगताना हातावरचा काटा दाखवायच्या. "दगडाचां पान झालां गो! आंब्याच्या पानासारख्या पातळ! आणि तां करूक तेका ना वीज लागली, ना यंत्र. मियां म्हटलंय, अगो, ह्यां आपणाक कोणी शिकवक कसां नाय?"

दाढीवाला काय बोलतो यातलं त्यांना अक्षर कळत नव्हतं. आवाज बंद करून त्या फक्त त्याचे हात बघायच्या. त्यामुळे या विद्येतली नावं काकींनी स्वतःच पाडली आणि ती सगळी एसटीची. टवका अखंड, लांब निघाला की टिकीट फाटलं. टवका निम्म्यावर अडकून दगडावर पायरी उरली की "गाडी घाटात बंद पडली". घाव जास्त बसून पलीकडची कडच तुटली, तर "मेली स्टॉप सोडून फुडे गेली". आणि महिनाभर जपलेलं पातं शेवटच्या घावाला मधोमध मोडलं, की काकी हेल्मेट काढून शांतपणे म्हणायच्या, "डेपोत जमा." त्या दिवशी मग त्यांच्याशी बोलण्यात अर्थ नसायचा.

त्यांची हत्यारं एका ॲल्युमिनियमच्या डब्यात असत. नदीतले दोन-तीन गोटे, एक खैराचा आखूड सोटा आणि कोयत्याच्या जुन्या मुठीत ठोकून बसवलेली तांब्याची जाड तार. गोट्याने मोठे टवके उडवायचे, सोट्याने दगड पातळ करत न्यायचा आणि शेवटी तारेचं टोक कडेवर टेकवून नुसत्या दाबाने नखाएवढ्या कपच्या काढत धार आणायची. "हातान दाबू नको. हाताक काय ताकद आसा? दोनय गुडघे आवळ आणि आख्खां आंग घाल!" असं त्या मला सांगायच्या. मी अंग घालायचे आणि दगडाचा चुरा व्हायचा.

"कडेक आधी घास," त्या ओरडायच्या. ही त्यांची मुख्य शिकवण. "धार व्हयी तर आधी धार बोथट करूक व्हयी." मला हे फार दिवस पटेना. पण खरंच तसं होतं. पातळ कडेवर दाब दिला तर कड चुरते आणि जोर तिथेच संपतो. तीच कड खरखरीत जांभ्या दगडावर घासून जाड केली की दाब आत शिरतो आणि टवका पार पलीकडे निघतो. काकींच्या हातून एकही टवका कड घासल्याशिवाय निघायचा नाही. मला ज्या दिवशी पहिला धड टवका निघाला, त्या दिवशी मी शेजारच्या म्हशी बिथरतील इतक्या जोरात किंचाळले. काकींनी उठून मला मिठीच मारली.

बोटं मात्र दोघींचीही कापलेली असायची. या टवक्यांची धार लागते तेव्हा कळतसुद्धा नाही, रक्त दिसलं की मग कळतं. एकदा काकींचा तळवा चांगलाच फाटला. मी म्हटलं, रिक्षा बोलावते, माणसांच्या डॉक्टरकडे जाऊ. काकींनी हात माझ्यापुढे धरला. "तू डॉक्टरच मां? म्हशीक घालतस तोच धागो घाल. म्हस बरी होता, मगे मी कित्याक होवचंय नाय?" मी साफ नकार दिला आणि त्यांना ओढतच दवाखान्यात नेलं. तिथे टाके घालून होईपर्यंत त्या डॉक्टरला खिशातला टवका दाखवून तुमच्या पात्यापेक्षा हा बरा, असं पटवत होत्या. घरात मासळीसुद्धा टवक्यानेच साफ व्हायची. आडाळो, म्हणजे इकडची विळी, भिंतीला टेकून गंजत पडलेली आणि काकी दगडाने बांगड्यांची पोटं फाडतायत! असे बांगडे चवीला गोड लागतात असं त्यांचं ठाम मत होतं. मला काही फरक कळला नाही, पण मी खाताना मान डोलवायचे.

मी सुट्टीला घरी निघाले की काकी पिशवी द्यायच्या. येताना ती आमच्या शेतातल्या गारगोट्यांनी भरून आणायची. आईने बरोबर दिलेले लाडू त्या बाजूला सारायच्या आणि एकेक दगड गालाला लावून बघायच्या. इकडची पांढरी गार खरबरीत आणि हट्टी. आमच्याकडचे दगड गुळगुळीत, मेणचट, पण तेही भाजले की आणखी सोपे फुटतात, असा त्यांना शोध लागला होता. एका घमेल्यात वाळू भरायची, तीत दगड पुरायचे, वर भाताच्या तुसाचा विस्तव करायचा आणि तो आपोआप विझून वाळू थंडगार होईपर्यंत हात लावायचा नाही. आता जिने उभ्या आयुष्यात गाडी वेळेच्या आधी सोडली नाही, तिला एवढा धीर असायला हवा की नको? पण उत्साहाच्या भरात बाईंनी गरम वाळू उकरली. वारा लागला मात्र, आणि माझ्या मांडीला कळ लागेपर्यंत वाहून आणलेले दगड फट्फट् करत तडकले. काकी दुपारभर माझ्याशी बोलल्या नाहीत, जणू मीच उकरले होते. संध्याकाळी चहाचा कप पुढे करून एवढंच विचारलं, "घराक परत केदवा जातलंस?"

हे सगळं गमतीचं वाटेल, पण काकींच्या मनात एक सल होता. गाव त्यांना हसायचं. मुलगा फोनवर म्हणायचा, आई, लोक काय म्हणतात, बंद कर ते. काकी त्याला काही बोलायच्या नाहीत. मला म्हणायच्या, "एकट्यान दगड फोडल्यान तर तां येड. दोघांनी फोडल्यानी तर तो धंदो. माका दुसरो कोणतरी व्हयो गो." दुसरा म्हणजे आजचा नव्हे. फार पूर्वी, लोखंड नव्हतं त्या काळी, आपल्याच सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळपठारावर, कोणीतरी बसून दगडाची पाती पाडलेली असणार, याची त्यांना खात्री होती. "खाली पाणी, समोर खाडी, हाताक लागतली इतकी पांढरी गार. असो जागो सोडून माणूस जातलो खंय?" त्याच्या हातचा एक टवका, एकच, आपल्याला सापडावा एवढी त्यांची इच्छा होती. रविवारी मी स्कूटर काढायची, मागे काकी माझं हेल्मेट घालून, आणि आम्ही सडेच्या सडे पालथे घालायचो. उन्हाने कातळ तापलेला, काकी गुडघे धरून वाकलेल्या. कधी काही मिळालं नाही. पण पुढच्या रविवारी त्या आधीच तयार!

आता फोडलेल्या दगडांच्या कचऱ्याचं सांगायला हवं. शेजारच्या गाईच्या खुरात एकदा टवका रुतला. मीच तो काढला. शेजारीण अंगणात येऊन नाही नाही ते बोलून गेली. तेव्हापासून काकी सगळा कचरा टोपलीत गोळा करून सड्याच्या एका टोकाला नेऊन टाकू लागल्या. दगडातला दगड, तो परत दगडात. आणि नुसता टाकायच्या नाहीत. मोबाइलवरचा दाढीवाला काम झालं की एक खड्डा खणून टवके त्यात ओतायचा, वर एक चकचकीत नाणं ठेवायचा आणि माती लोटायचा. ते बघून काकींना फार भरून आलं होतं. "बघलंस? तेंच्यातय जाग्याक गाऱ्हाणां घालतत!" पण पैसे मातीत पुरायचे हे त्यांना पटेना, लक्ष्मी ती. म्हणून त्या नाण्याऐवजी जास्वंदीचं फूल ठेवायच्या, हात जोडायच्या आणि खड्या आवाजात सुरू करायच्या, "बा देवा म्हाराजा, ह्या सड्याच्या राखणदारा, तुझे दगड तुझ्या पायाशी आणून ठेवलंय. कोणाच्या गुरावासराक इजा होव देव नको रे म्हाराजा!" मी बाजूला उभी राहून "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. शोधायला आम्ही बाकी सगळा सडा फिरलो, ते टोक तेवढं सोडून. आपल्याच कचऱ्यात काय शोधायचं?

आणि मग एका हिवाळ्यात शहरातून एक मुलगी आली. दगडाच्या जुन्या हत्यारांवर अभ्यास करणारी, उन्हाने रापलेली, पाठीवर भली मोठी सॅक. तिच्याबरोबरची माणसं दोन दिवस सडा फिरली आणि तिसऱ्या दिवशी गावात बातमी फुटली: सड्यावर हत्यारं सापडली! दगडाची! पांढऱ्या गारेची, शेकड्यांनी! दवाखान्यात एक जण बैल घेऊन आला होता, तो बैल सोडून मला हेच सांगत बसला. मी स्कूटर तशीच घराकडे पिटाळली. काकींना आधीच कळलेलं. त्या अनवाणी फाटकात उभ्या, डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि हसतायत. "सांगलेलंय मां मी? सांगलेलंय मां? चल, आधी चल!"

देवळाच्या सभामंडपात सतरंजीवर प्लास्टिकच्या पिशव्या मांडल्या होत्या. भोवती सगळं गाव लोटलेलं. सरपंच फाट्यावर पाटी कुठे लावायची ते ठरवत होते. काकी माणसं सारत पुढे गेल्या, धपकन खाली बसल्या आणि पहिली पिशवी त्यांनी उजेडाकडे धरली. मग दुसरी. मग तिसरी. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. तिसऱ्या पिशवीला माझ्याही लक्षात आलं.

त्या गप्प बसू शकल्या असत्या. कोणालाही कळलं नसतं, आणि ज्यांनी त्यांना वेडी ठरवलं होतं तेच आज त्यांना खुर्ची देत होते. काकींनी पिशवी खाली ठेवली. "ह्यां माझां," त्या म्हणाल्या. "माझां आसा ह्यां. मीच टाकलंय थंय."

सरपंचांनी हळूच त्यांचा दंड धरला. "काकी, गप रव गो. उद्या पेपरवाले येतले."

"येवंदेत! तेंका काय सांगू? कंडक्टरणीचो कचरो म्हणान?" काकी मुलीकडे वळल्या. "बघ बाय, हय कड घासलेली दिसता? ती मी घासतंय. आणि ह्यो बारीक तांबूस डाग? तो माझ्या तारेचो."

मुलीने भिंग लावून पाहिलं. ती काही मूर्ख नव्हती. टवके इतके ताजे कसे, हा प्रश्न तिला पहिल्या दिवसापासून छळत होता, तिने वहीत तसं लिहूनही ठेवलं होतं. तिने सुटकेचा आणि निराशेचा एकच सुस्कारा सोडला. मग काकींना विचारलं, तुम्ही हे शिकलात कुठे? काकींनी दाढीवाल्याचं सांगितलं, गाऱ्हाण्याचं सांगितलं, फुलाचंही सांगितलं. मुलीने भिंग खाली ठेवलं. "काकी, ते नाणं पूजेसाठी नसतं. नाण्यावर साल असतं. पुढे कधी कुणी खणलं तर कळावं, की हा कचरा अलीकडचा आहे, जुना समजू नका. म्हणून ते टाकतात."

काकींनी हातातला टवका पिशवीत परत टाकला. मग म्हणाल्या, "जास्वंदीच्या फुलार साल नसता गो."

मंडपात कोणीतरी हसलं. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. मुलगी अगदी हळू आवाजात पुढे म्हणाली, की तिथे खरोखरच जुनं काही असलं तरी आता ते यात मिसळून गेलं, सगळंच बाद धरावं लागेल. हे ऐकल्यावर काकींनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. ज्याला रविवारमागून रविवार शोधलं त्याच्याच जागेवर आपण टोपल्याच्या टोपल्या ओतत होतो, तेही हात जोडून! मला रडू आलं. काकींना नाही आलं.

त्यांनी पदर खोचला. "बाद कशाक? सगळे पिशये उघड. माझे मी वळखतंय." मुलगी म्हणाली, शेकड्यांनी आहेत. काकी म्हणाल्या, "मी गर्दीच्या गाडयेत बिनतिकिटाचो माणूस बरोब्बर काढी. उघड तू."

आणि त्या बसल्या. मी पिशवी उघडून द्यायची, मुलीने नंबर वाचायचा, काकींनी टवका उलटापालटा करून कड बघायची. "माझां. माझां. ह्यां तर कालपरवाचां. माझां." सरपंच कंटाळून गेले, गर्दी पांगली, कोणीतरी पेज आणून ठेवली ती तशीच निवली. मुलगी प्रत्येक टवक्यावर स्वतःचं भिंग फिरवत होती आणि दर वेळी मान हलवत होती, बरोबर, तुमचाच. उन्हं मंडपाच्या खांबांवरून खाली उतरली. काकींच्या एका बाजूला ढीग वाढत गेला आणि दुसरी बाजू सतरंजीची सतरंजीच. मला तर आता पिशवी उघडायची भीती वाटायला लागली होती.

एका पिशवीतून अंगठ्याच्या नखाएवढी एक कपची निघाली. काकींनी ती उचलली, म्हणाल्या, "माझ..." आणि थांबल्या. चष्मा पुसला. पुन्हा बघितली. मग माझ्या हाताचा तळवा ओढून त्यावर ती ठेवली आणि पदराला टोचलेल्या सुईच्या टोकाने, न टेकवता, दाखवू लागल्या. "ही कड बघ. घासलेली नाय. कोणी घासूकच नाय. आणि ही दुसरी बाजू बघ, मुद्दाम बोथी केल्यान, दाणो दाणो काढून, बोटाक लागा नये म्हणान. इतक्या बारीक! गारेत! गारेत माका अजून जमूक नाय गो ह्यां, दहा जन्मात जमाचां नाय!"

मुलीने भिंग लावलं. बराच वेळ लावून धरलं. मग ती एकदम सभामंडपाच्या पायरीवर जाऊन उजेडात उभी राहिली आणि धावतच परत आली. "काकी, एवढ्या एकावरून काही सिद्ध होत नाही," ती म्हणाली, "आणखी शोधावं लागेल, नीट खणावं लागेल. पण हे खूप जुन्या पद्धतीचं आहे. अशी पाती मी फक्त संग्रहालयात, काचेआड पाहिलीत!" ती हसायलाच लागली.

काकी उठल्या. गुडघ्यांचं भान नाही, पेजेच्या भांड्याला पाय लागला त्याचं भान नाही. मंडपाच्या दारात जाऊन रस्त्यावरच्या माणसांना, दुकानांना, थांब्यावर उभ्या एसटीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "माझां न्हय! आयकलंत काय रे? ह्यां माझां न्हय!" चहाच्या टपरीवरची माणसं धावत आली, सरपंच आले, शेजारीणही आली. काकींनी तिलाच पहिली मिठी मारली. मी इतका आनंद झालेला माणूस आजवर दुसरा पाहिलेला नाही आणि त्या दिवशी मीसुद्धा त्याच आनंदात वेड्यासारखी नाचले, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

मुलगी खाली बसून कपची नव्या पिशवीत घालत होती. काकी तिच्या खांद्यावरून वाकल्या.

"ह्या पिशयेर काय लिवतलंस?"

"गावाचं नाव, जागा, नंबर."

"आणि खाली लिव, माझां न्हय म्हणान."

मुलीने लिहिलं. काकींनी तिच्याकडून ते मोठ्याने वाचून घेतलं, मग पुन्हा एकदा वाचायला लावलं.